विसरलेल्या गाण्यांचे वारसदार

जगात आठवणीत राहिलेल्या गाण्यांपेक्षा विसरली गेलेली गाणी कितीतरी जास्त असणार, हे सांगायला काही गणित नको. गाजलेल्या गाण्याला वारस पुष्कळ. रेडिओ असतो, लग्नातला बँड असतो, आपले गॅदरिंग असते. पण जे गाणे कधी गाजलेच नाही, ज्याच्या तबकड्या दुकानात धूळ खात पडल्या आणि ज्याचे गाणारे पोटापाण्याला लागले, त्याचे वारसपण कोण पत्करणार? या प्रश्नाचे उत्तर मला फार लांब, न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स नावाच्या भागात सापडले. मी तिथे कधी गेलेले नाही; जाण्याचा संभवही दिसत नाही. परंतु मोबाईलवर गाणी ऐकता ऐकता माणूस कुठल्या गल्लीत जाऊन उभा राहील, याचा नेम नसतो.

मी जाऊन उभी राहिले ती 'डू-वॉप' गाण्यांच्या गल्लीत. नाव ऐकून हसू येते. ते नाव मागाहून पडले. १९५० च्या आसपास ही गाणी म्हणणारी मुले स्वतः त्यांना तसे म्हणत नसत. चार-पाच पोरे रस्त्याच्या कोपऱ्यावर, शाळेच्या जिन्यात किंवा भुयारी रेल्वेच्या स्थानकात जमत. जागांची ही निवड उगाच नव्हे. जिन्यात आणि भुयारात आवाज घुमतो, आणि घुमलेला आवाज फुकट मिळतो. वाद्ये घ्यायला पैसे नसत, म्हणून वाद्यांचे काम गळ्यावर सोपवलेले असे. एकाने मुख्य गाणे म्हणायचे, दोघातिघांनी त्यामागे स्वरांची गादी अंथरायची आणि खर्जातल्या पोराने 'डूम डूम' करीत तळ राखायचा. मधल्या असल्याच निरर्थक अक्षरांवरून पुढे या गाण्यांना नाव मिळाले. आपल्या तराण्यातल्या 'तोम् तनन'ला तरी अर्थ कोण विचारतो?

अशा टोळ्या अमेरिकेत शहरोशहरी होत्या. बाल्टिमोरच्या 'ओरिओल्स'सारख्या थोड्यांचे नाव झाले. बाकीच्यांनी एखाद्या लहानशा कंपनीसाठी एक-दोन तबकड्या भरल्या आणि त्या पांगल्या. 'फाइव्ह शार्प्स' ही त्यांतलीच एक. क्वीन्समधल्या जमैका वस्तीतली ही कृष्णवर्णीय मुले. अजून विशीच्या आतली. १९५२ साली जुबिली नावाच्या कंपनीने त्यांच्याकडून 'स्टॉर्मी वेदर' हे १९३३ सालचे, तेव्हाच जुने झालेले गाणे गाऊन घेतले. गाण्यात वादळ आहे म्हणून सुरुवातीला पावसाचा आणि गडगडाटाचा आवाज घातला. मोबदला म्हणून मुलांना हॉट डॉग आणि सोडा मिळाला, असे सांगतात. तबकडी खपली नाही. मुलांनी नाद सोडला. इथे गोष्ट संपायला हवी होती.

ती संपू दिली नाही ती ऐकणाऱ्यांनी. १९५९ साली न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या एका बोळात 'टाइम्स स्क्वेअर रेकॉर्ड्स' हे दुकान सुरू झाले. मालक आयर्व्हिंग रोझ. अंगकाठीवरून सगळे त्याला 'स्लिम' म्हणत. दुकान जुन्या, न खपलेल्या तबकड्यांचे. शाळा सुटली की पोरे तिथे जमत आणि दहा-दहा वर्षांपूर्वीच्या, कुणाला ठाऊक नसलेल्या टोळ्यांची नावे घेऊन तासन् तास वाद घालत. एका संग्राहकाला ब्रुकलिनमधल्या दुकानात 'स्टॉर्मी वेदर'ची प्रत मिळाली. स्लिमने ती रेडिओवर वाजवण्यासाठी मागून घेतली. या गृहस्थाने रॅकून पाळलेला होता. मांजराहून थोडा थोर, डोळ्यांभोवती काळी पट्टी असलेला हा प्राणी चेहऱ्यावरूनच चोर वाटतो. त्या रॅकूनने तबकडी फोडली, अशी कथा आहे.

तबकडी फुटली, कारण ती लाखेची होती. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या लाख आणि दगडाची पूड यांच्या मिश्रणाच्या असत, आणि जगाला लाख पुरवणारा मुख्य देश आपला. पळस, बोर, कुसुम या झाडांवर किड्यांनी धरलेली लाख सातासमुद्रापार जाई आणि तिच्यावर क्वीन्समधल्या पोरांचे आवाज कोरले जात. हे कळले तेव्हा ती फुटलेली तबकडी मला एकदम घरातल्यासारखी वाटू लागली.

स्लिमने दुसऱ्या प्रतीसाठी बक्षीस लावले. प्रत मिळेना. कंपनीकडे चौकशी झाली, तर मूळ मुद्रण तिच्याकडेच नव्हते. मग कंपनीने एक शक्कल लढवली. १९६४ साली तिने भलत्याच मुलांना बोलावून तेच गाणे, 'फाइव्ह शार्प्स' याच नावाने, पुन्हा गाऊन घेतले! रसिकांना ते कसे पटावे?

या शोधातली सर्वांत चमत्कारिक गोष्ट पुढेच आहे. मूळ पाचांपैकी एक होता क्लॅरेन्स बॅसेट. १९६१ साली तो 'शेप अँड द लाइमलाइट्स' या तिघांच्या संचात गात होता आणि त्यांचे 'डॅडीज होम' हे गाणे त्या वर्षी अमेरिकेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेले. म्हणजे इकडे भुयारातल्या दुकानात पोरे त्याच्या फुटलेल्या तबकडीसाठी हळहळत होती, आणि तिकडे त्याचा आवाज देशभर रेडिओवर वाजत होता.

पुढे १९७२ मध्ये एक प्रत सापडली, तीही तडा गेलेली. डू-वॉपच्या वेड्यांनी 'बिम बॅम बूम' नावाचे नियतकालिक काढले होते. त्यांनी त्या तडकलेल्या प्रतीवरून नवी तबकडी काढली आणि वीस वर्षांनी ते गाणे लोकांच्या कानी पडले. त्यानंतरही चांगली प्रत विरळाच राहिली. २००३ साली एका लिलावात एका प्रतीला सुमारे १९,००० डॉलर आले. १९५२ मध्ये ती एखाद्या डॉलरला मिळाली असती.

एवढे सगळे वाचून मी गाणे ऐकले. काय ऐकू येणार या कल्पनेने माझे हात गार पडले होते. आधी पाऊस, मग गडगडाट, मग संथ पियानो आणि घाबरत घाबरत गाणारी मुले. खरे सांगते, गाणे साधेच आहे. स्पर्धेत परीक्षकांनी 'प्रयत्न चांगला' म्हणावे, त्या प्रतीचे. मला राग आला. लोक नेमके काय जपत होते? गाणे, की त्याचे दुर्मीळपण? तिकिटे जमवणारा माणूस पत्र वाचत नाही, तसेच का हे? त्या १९,००० डॉलरांतला एक डॉलरही तबकडी विकणाऱ्याने गाणाऱ्यांना देण्याचे कारण नव्हते. अशा आठवणीपेक्षा विसरणे काय वाईट, असेही मनात येऊन गेले.

ते मत माझे टिकले नाही, आणि त्याला कारण त्याच क्वीन्समधली दुसरी टोळी. ओझोन पार्क या वस्तीतल्या पाच इटालियन घरांतल्या मुलांनी 'कॅप्रीज' नावाने १९५८ साली 'देअर्स अ मून आउट टुनाइट' हे गाणे प्लॅनेट या कंपनीसाठी गायले. तेही पडले. टोळी फुटली. पण भुयारातल्या त्या दुकानात पोरे हे गाणे मागू लागली. दुकानात काम करणाऱ्या जेरी ग्रीन या तरुणाने गाण्याचे हक्क विकत घेऊन १९६० मध्ये ते 'लॉस्ट नाइट' या स्वतःच्या शिक्क्याखाली पुन्हा काढले. तिथून ते ओल्ड टाउन या मोठ्या कंपनीकडे गेले, आणि १९६१ च्या सुरुवातीला अमेरिकेच्या यादीत तिसरे आले. पांगलेल्या पाचांना पुन्हा एकत्र यावे लागले! जाहिरात नव्हती, वशिला नव्हता. शाळकरी गिऱ्हाइकांनी दुकानदाराचे डोके खाल्ले, एवढेच भांडवल. १९८२ मध्ये याच 'कॅप्रीज'नी जुन्याच वळणाचे एक नवे गाणे तबकडीवर आणले, तेव्हा ते ऐकायला लोक होते.

दोन्ही गोष्टी मी एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या. वेड तेच, दुकान तेच. एकीकडे वेडाने तबकडीची किंमत वाढवली, दुसरीकडे गाणाऱ्यांना परत बोलावले. आणि पहिल्या गोष्टीतही वेडाने केवळ किंमतच वाढवली असे नाही. लाखेच्या त्या तबकडीच्या कागदी चकतीवर 'फाइव्ह शार्प्स' एवढेच छापलेले होते. पाच कोण, हे शोधले ते याच वेड्यांनी. त्यांनी माणसे गाठली, मुलाखती घेतल्या, कुणी वरचा सूर म्हटला, कुणी खर्ज, पियानोवर कोण होते, हे टिपून ठेवले. क्लॅरेन्स बॅसेट हे नाव आज मी इथे लिहू शकते, ते त्यांच्यामुळे. १९७६ साली न्यू जर्सीत रॉनी इटालियानो यांनी या गाण्यांसाठी एक संस्था काढली. तिच्या मेळाव्यांतून विस्मृतीत गेलेल्या टोळ्या पुन्हा उभ्या राहून गायल्या. केस पांढरे झालेले, पण मागची अक्षरे मुखोद्गत.

आपल्याकडे १९०२ साली कलकत्त्याला गौहरजान गायल्या, तेव्हा गाण्याच्या शेवटी त्यांनी स्वतःचे नाव इंग्रजीत सांगितले. परदेशातल्या कारखान्यात चकतीवर नाव बरोबर छापले जावे, म्हणून तशी पद्धतच होती. आज ते ऐकताना गंमत वाटते. पण क्वीन्सची गोष्ट कळल्यापासून मला त्यातली गंमत कमी वाटते आणि शहाणपण जास्त. मुंबईत १९९० साली जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांनी आपली सोसायटी स्थापन केली, त्यामागेही हीच ओढ असावी.

आता हे सगळे आपल्या वार्षिकात कशाला, असे कुणी विचारील. सांगते. आमच्या समूहगानाच्या संचात आम्ही सहा जण आहोत. तालमीला खोली मिळत नाही, म्हणून ग्रंथालयाशेजारच्या जिन्यात गातो. तिथे आवाज घुमतो, हे आम्हांला कुणी अमेरिकेतून येऊन सांगितलेले नाही. शिपाईमामा हाकलतात, मग एक कडवे ऐकतात आणि पुन्हा हाकलतात. युवक महोत्सवात आमचा क्रमांक आला नाही. यंदा सहापैकी चौघे तृतीय वर्षाला आहेत. एकाला वडिलांचे दुकान सांभाळायचे आहे, एक पोलीस भरतीच्या मागे आहे, एकीचे लग्न ठरले आहे, एक बी.एड.ला जाणार. आमचे गाणे कुणी तबकडीवर भरलेले नाही. एका मोबाईलमध्ये जिन्यातल्या तालमीचे दीड मिनिट आहे आणि त्यात मामांचा आवाज आमच्यापेक्षा स्पष्ट आहे.

गेल्या वर्षीच्या अंकात आमचे छायाचित्र आले होते. खाली छापले होते, 'समूहगान संच'. बस्स. क्रिकेटच्या संघाची मात्र अकराही नावे होती, राखीव खेळाडूंसकट. तेव्हा मला त्याचे काही वाटले नाही. पाच पोरांची नावे शोधायला लोकांना किती वर्षे लागली, हे वाचल्यावर वाटू लागले.

म्हणून यंदा मी सहाही नावे स्वतः सुवाच्य अक्षरांत लिहून संपादकांच्या हाती दिली आहेत, डावीकडून, कुणाचा सूर कोणता तेही लिहून. जागा कमी पडते, अशी त्यांची तक्रार होती. मी माझ्या लेखातल्या दोन ओळी कापायला सांगितल्या आहेत. वाचकांनी ते पान जरूर उघडावे. मागच्या रांगेत उजवीकडचा तो आमचा खर्ज. त्याचा चेहरा थोडा अंधारात आला आहे.