दोघांचं ओझं

पणदऱ्यात बोलणं वजनावरून सुरू होतं. एकरी टनेज किती बसलं, माळेगावच्या काट्यावर ट्रॉली कितीला भरली, खोडव्याने वजन धरलं का. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याने इथला ऊस वाढवला आणि उसाने माणसांच्या हाताला अंदाज दिला. म्हणून आमच्या घरातला लाकडी फील्ड कॅमेरा बघायला कुणी आलं, तर यात फोटो कसा उमटतो हा प्रश्न पहिल्यांदा येत नाही. माणूस पेटीच्या कडीला हात घालतो, ती वीतभर उचलून बघतो आणि विचारतो, "किती किलो भरंल?"

उत्तर पिठाच्या गिरणीतल्या काट्याने दिलं. कॅमेरा २ किलो ६०० ग्रॅम. पितळी लेन्स ६०० ग्रॅम. सहा डार्क स्लाइड, म्हणजे फिल्म ठेवायच्या बंद चौकटी, मिळून २ किलो १००. पेटी, काळं कापड, भिंग आणि लाइट मीटर २ किलो ७००. आणि तिकाटणं, म्हणजे लाकडी स्टँड, एकटंच साडेचार किलो. सगळी बेरीज साडेबारा.

साडेबारा किलोंचं इथे कुणाला काय वाटणार? पन्नास किलोंचं खताचं पोतं पाठीवर घेणारी माणसं आहेत. पण पोतं एकदा पाठीवर बसलं की बसलं. हे ओझं बसत नाही. पेटी कडक, तिचे कोपरे मांडीला लागतात. तिकाटण्याचे तीन पाय बांधले तरी एखादा सुटून पुढे येतो. मोटारसायकलवर सायकलच्या ट्यूबने तिकाटणं आडवं आवळलं की वाटेतल्या प्रत्येक उसाच्या बैलगाडीपाशी उतरायची पाळी येते. एका माणसाला हे सगळं नेता येतं, नाही असं नाही. पण बांधावर पोचेपर्यंत त्याचे दोन्ही हात अडकलेले असतात आणि मधला पाट ओलांडायला तिसरा हात लागतो. या कॅमेऱ्याचा स्वभाव मला त्या तिसऱ्या हातात दिसतो. एकट्याने हिंडणं त्याला मानवत नाही.

दिसायला तो गरीब आहे. सागवानी, हाफ प्लेटचा, म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंचांचं चित्र देणारा. घडी घातली की पाटीएवढी चौकोनी ठोकळी होते. पितळी खिटी ओढली, फळी पुढे आडवी केली, की आतून चामडी भाता उलगडत येतो. मागे दुधी काच. केरळात आळप्पुळाला बनलेले वागीश्वरी कॅमेरे याच घराण्यातले, सागवान आणि पितळेचे. देशभरच्या स्टुडिओंमधून त्यांनी लग्नाची जोडपी आणि मॅट्रिकची पोरं टिपली. आमच्या कॅमेऱ्यावर कुणाचंच नाव कोरलेलं नाही. त्याने मला कधी वाईट वाटलं नाही.

नवखा माणूस वजनाचा सगळा दोष कॅमेऱ्याला देतो. तो अन्याय आहे. काट्याने दाखवलं तेच खरं: कॅमेरा एकूण ओझ्याचा जेमतेम पाचवा हिस्सा. फिल्म तर नगण्य. हाफ प्लेटची काच साधारण ६५ ग्रॅम भरते, तेवढ्याच मापाची फिल्म ५ ग्रॅम. काचेच्या जागी फिल्म आली तेव्हा दर चित्रामागे साठ ग्रॅम गळाले. राहिलं ते तिला सांभाळणाऱ्या डार्क स्लाइडचं वजन. त्या ५ ग्रॅमला कणभर उजेड लागू द्यायचा नाही आणि तिला केसभरही वाकू द्यायचं नाही, यासाठी दोन्ही बाजूंनी लाकूड, पत्रा आणि सरकती झडप हवी. मी बारामतीत मिळणारी आठ बाय दहा इंची एक्स-रे फिल्म तांबड्या दिव्याखाली कापतो. एकीतून हाफ प्लेटचे दोन तुकडे निघतात.

उरलं तिकाटणं. सगळ्यांना सूड उगवायचा असतो तो त्याच्यावर. हलकं ॲल्युमिनियमचं का घेत नाही, असं शहाणी माणसंही विचारतात. या लेन्सला शटर नाही. पहाटेच्या उजेडात झाकण काढायचं, मनात एक म्हणायचं, झाकण लावायचं. तेवढ्या वेळात उघडा भाता शिडासारखा वारा धरतो. शिवाय इथे हंगामात रस्त्याने उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर जातात. त्यांची थरथर कडेच्या मातीतून पायांत येते. ट्रॅक्टर दूर जाईपर्यंत थांबायचंच, पण वाऱ्याला थांब म्हणता येत नाही. म्हणून मी तिकाटण्याच्या मधल्या आकड्याला गोणपाटाच्या पिशवीत दगड घालून टांगतो. एवढं ओझं वाहून आणायचं आणि वर आणखी चार किलो दगड लावायचे, हे पाहून शेजारच्या बांधावरचा माणूस चकित होतो. माझं मत ठाम आहे: वजन कुठूनही कमी करा, पायांतून करू नका.

हे तिकाटणं बांधावर उभं राहिलं की पणदऱ्यात दुसरीच बातमी पसरते. तीन पाय, वर पितळी डोळा, मागे वाकलेला माणूस. कुणीतरी उसातून तरातरा बाहेर येतं. "ओ साहेब, मोजणी कुणाच्या गटाची हाय?" त्या आवाजात काळजी असते, कारण बांध सरकणं ही इथे हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. मोजणी नाही, फोटो आहे, हे पटलं की तोच माणूस मोकळा होतो आणि जाताना आपणहून तिकाटणं खांद्यावर घेतो. त्याला मजुरी मी एकच देऊ शकतो: काळ्या कापडाखाली डोकावायचा मान. दुधी काचेवर त्याचाच ऊस उलटा उभा असतो, तुरे खाली, मुळं वर, पानं हलताहेत. तो डोकं बाहेर काढतो आणि घरच्या पोराला हाक मारतो.

हे ओझं कुणीतरी नेहमीच वाटून घेतलेलं आहे. १८५१ मध्ये ओल्या कोलोडियनची रीत आली तेव्हा काच जागेवर लेपायची, ओली असतानाच उजेडाला द्यायची आणि लगेच धुवायची. म्हणजे कॅमेऱ्यामागून अंधारी राहुटी, रसायनं आणि पाणीही चालणार. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली तीही याच काळात. छायाचित्रकार सॅम्युअल बोर्न १८६३ मध्ये हिमालयात निघाला तो तीसेक हमाल घेऊन. तीन वर्षांनी त्याने मणिरंग खिंडीत, १८,६०० फुटांवर, चित्रं घेतली. त्याचं नाव प्रत्येक इतिहासात आहे. ज्यांच्या पाठीवरून काचा वर गेल्या त्यांची नावं नाहीत, आणि याचा मला खरोखर राग येतो. जुन्या पुरातत्त्वीय छायाचित्रांत देवळाच्या दाराशी एखादा माणूस मापासाठी उभा केलेला असतो. त्यातला एखादा तरी पेट्या वाहून आणणाराच असावा, असं मला वाटत आलं आहे. अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सल ॲडम्स १९२७ मध्ये योसेमिटीतल्या हाफ डोम कड्याचं ते प्रसिद्ध चित्र घ्यायला चढला तेव्हा पाठीवर अठराएक किलो होते, पण बरोबर त्याची होणारी बायको व्हर्जिनिया आणि मित्र होते.

आमच्याकडची अवघड वाट पळसदेवची. उजनीच्या पाण्यात जुनं गाव गेलं, आणि उन्हाळ्यात धरण उतरलं की पळसनाथाचं देऊळ पुन्हा उघडं पडतं. काठापासून देवळापर्यंतचा गाळ वरून भेगाळलेला आणि आतून ओला. वजन पाठीवर असेल तर पाय रुततो. तिथे मासेमारी करणाऱ्या एका मामांनी माझं चालणं लांबून पाहिलं आणि काही न विचारता तिकाटणं काढून घेतलं. "पाय माझ्याकडं द्या. डोकं तुम्ही सांभाळा."

तिकाटण्याचे पाय गाळात वीतभर गेले आणि मग असे घट्ट बसले की दगडांची गरज उरली नाही. कापडाखाली मामा डोकावले. काचेवर देऊळ उलटं, शिखर खाली. मला वाटलं, दचकतील.

"पान्यात आमाला असंच दिसतं की," ते म्हणाले, आणि आणखी बराच वेळ बघत राहिले.

त्यांना मी देवळाच्या ओट्याशी उभं केलं. मापासाठी नव्हे. चित्राच्या मागे त्यांचं नाव पेन्सिलीने लिहिलं आहे, आणि एक प्रत त्यांच्या घरी गेली आहे.

तेव्हापासून पेटीत सहाऐवजी चार डार्क स्लाइड असतात. त्यातून सातशे ग्रॅम सुटतात. त्यांत तीनशे घालून मी एक लिटर पाणी घेतो, कारण तिकाटणं उचलणाऱ्याला तहान लागते.