म्युनिक : जिथे उजेडाचे औषध झाले

म्युनिकला जाणाऱ्या आपल्या पर्यटकांचा कार्यक्रम ठरलेला असतो. मारियनप्लात्झ चौकातल्या घड्याळातील नाचणाऱ्या बाहुल्या पाहायच्या, डॉइचेस म्युझियममध्ये दिवसभर पाय दुखवून घ्यायचे आणि शरद ऋतू असेल तर ऑक्टोबरफेस्टच्या गर्दीत शिरायचे. जुन्या मंडळींना १९७२ च्या ऑलिंपिकमधले आपल्या हॉकी संघाचे ब्राँझपदकही आठवते. पण त्याच चौकातून भुयारी रेल्वेने अवघे एक स्टेशन पुढे, सेंडलिंगर टोरला उतरलात, तर एक वेगळेच म्युनिक भेटते.

हा लुडविग माक्सिमिलियान विद्यापीठाच्या वैद्यकशास्त्राचा जुना परिसर. इथल्या रस्त्यांना डॉक्टरांची नावे आहेत. नुसबाउम हे शल्यविशारद, झीमसेन हे वैद्य आणि पेटेनकोफर हे आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक. कॉलरा केवळ जंतूंमुळे होत नाही हे दाखवण्यासाठी याच पेटेनकोफरनी १८९२ मध्ये कॉलऱ्याचे जंतू चक्क पिऊन टाकले होते! म्हातारबुवा बचावले, पण त्यांचे म्हणणे काही टिकले नाही.

याच विद्यापीठात औषधशास्त्राचे प्राध्यापक हेर्मान फॉन टापायनर यांच्या हाताखाली ऑस्कर राब नावाचा एक विद्यार्थी काम करत होता. साल १८९७-९८. दगडी कोळशाच्या डांबरातून निघणारे ॲक्रिडिन हे द्रव्य पॅरामेशियम या एकपेशीय जीवावर किती विषारी ठरते, हे त्याला मोजायचे होते. काम सोपे, पण आकडे जुळेनात. तेवढ्याच द्रावणात एके दिवशी ते जीव पटापट मेले, तर दुसऱ्या दिवशी बराच वेळ जगले. असे झाले की विद्यार्थ्याला पहिली भीती वाटते ती प्राध्यापकांच्या बोलण्याची. राबने मात्र दोन्ही दिवसांत फरक कशाचा होता ते शोधले. एका दिवशी वादळामुळे आभाळ भरून आले होते आणि खोलीत अंधारून आले होते, असे सांगतात. म्हणजे नुसते द्रव्य मारत नव्हते, नुसता उजेडही मारत नव्हता. दोन्ही एकत्र आले की मारत होते.

राबचा निबंध १९०० मध्ये छापून आला. १९०३ मध्ये टापायनर आणि त्वचारोगतज्ज्ञ येसिओनेक यांनी त्वचेच्या कर्करोगावर इओसिन हा लाल रंग लावून वर प्रकाश सोडून पाहिला. या क्रियेला प्राणवायूही लागतो, हे पुढच्याच वर्षी लक्षात आले. आपल्याकडे कोडाच्या डागांवर बावचीचे बी लावून उन्हात बसवण्याचा उपचार फार जुना आहे. बावचीतल्या द्रव्याचे काम वेगळ्या रीतीने चालते, पण जोडी तीच, द्रव्य आणि ऊन. (वैद्याला न विचारता घरी करून पाहू नये, कातडी भाजते.)

इओसिनपेक्षा चांगले द्रव्य आपल्या रक्ताच्याच कुळातले निघाले. रक्ताला लाली देणाऱ्या हीमची घडण पॉर्फिरिन या गटातल्या रेणूवर होते. म्युनिकच्याच तंत्रविद्यापीठातील हान्स फिशर यांनी हीमची रचना उलगडली आणि १९३० चे नोबेल पारितोषिक मिळवले. त्याआधी, १९१२ मध्ये, मायर-बेट्झ या जर्मन डॉक्टरने पॉर्फिरिन स्वतःलाच टोचून घेतले होते. मग ते उन्हात गेले मात्र, चेहरा आणि हात इतके सुजले की ओळख पटू नये!

उपचाराचा सोपा मार्ग १९९० मध्ये कॅनडातील किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठातून आला. केनेडी आणि पॉटियर यांनी पॉर्फिरिनऐवजी त्याचा कच्चा माल, अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल, त्वचेवर लावले. रोगट पेशी त्यापासून स्वतःच भरपूर पॉर्फिरिन बनवतात. वर लाल प्रकाश सोडला की त्याच पेशी मरतात, शेजारची निरोगी कातडी बव्हंशी वाचते. उन्हाने त्वचेवर येणाऱ्या, पुढे कर्करोगात बदलू शकणाऱ्या खरखरीत चट्ट्यांवर हा उपचार आता रुळला आहे. व्रण कमी राहतो, म्हणून चेहऱ्यावर विशेष उपयोगी.

याच पॉर्फिरिनवर निळा-जांभळा प्रकाश टाकला, तर ते लाल चमकते. हा गुण कामी आणला तो पुन्हा म्युनिकने. त्यासाठी सेंडलिंगर टोरहून यू-६ गाडी धरून ग्रोसहाडर्नला जायचे. १९७४ मध्ये सुरू झालेल्या तिथल्या विद्यापीठ रुग्णालयाच्या धातूने मढवलेल्या लांबलचक इमारतीला गावकरी ‘टोस्टर’ म्हणतात. देखणी म्हणवत नाही, पण नाव चपखल आहे.

इथल्या मूत्रविकारतज्ज्ञांनी १९९० च्या दशकात मूत्राशयातले साध्या दुर्बिणीतून निसटणारे कर्करोगाचे चट्टे या लाल चमकेने हुडकले. मेंदूचे शल्यविशारद वाल्टर श्टुमर यांनी तीच युक्ती ग्लायोमा या गाठीसाठी वापरली. ही गाठ मुळांसारखी मेंदूत पसरते. कमी कापली तर रोग उरतो, जास्त कापली तर माणसाची वाचा किंवा हात जातो, आणि साध्या प्रकाशात दोन्ही भाग सारखेच दिसतात. रुग्णाला भूल देण्याच्या काही तास आधी औषध पाजतात. मग निळ्या प्रकाशात गाठ लालभडक उजळते.

२००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या पद्धतीने दिसणारी गाठ पूर्ण काढता आली ६५ टक्के रुग्णांत. साध्या प्रकाशात हेच प्रमाण ३६ टक्के होते. सहा महिन्यांनंतर रोग पुन्हा न बळावलेले रुग्ण ४१ टक्के, तर दुसऱ्या गटात २१ टक्के. एकूण आयुष्य वाढते असे मात्र त्या चाचणीत सिद्ध झाले नाही. ग्लायोमा अजूनही निर्दयच आहे. पण अशा आजारात घरच्यांशी बोलण्या-चालण्याचे काही महिने म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी घडले त्यांनाच ठाऊक. युरोपात या औषधाला २००७ मध्ये, तर अमेरिकेत २०१७ मध्ये परवानगी मिळाली.

औषध घेतलेल्या रुग्णाला पुढचे चोवीस तास उन्हापासून आणि झगझगीत दिव्यांपासून जपावे लागते, नाहीतर मायर-बेट्झसारखी गत व्हायची. म्हणून बाहेर बव्हेरियाचे लख्ख ऊन पडलेले असले, तरी त्याच्या खोलीचे पडदे ओढलेले असतात.