सप्पोरोच्या थंडीतलं रामेन आपल्या घरी

रामेन म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर आधी नूडल्स येतात ना? जपानच्या उत्तरेकडच्या सप्पोरोला गेलात, तर कळेल की खरी चव सूपमध्ये असते.

१९७२ साली हिवाळी ऑलिम्पिक भरवणारं हे शहर हिवाळाभर बर्फात असतं. सुसुकिनो भागातल्या अरुंद ‘रामेन योकोचो’ गल्लीत रामेनची छोटी दुकानं ओळीने दिसतात. इथली खासियत म्हणजे मिसो रामेन. मिसो ही आंबवलेल्या सोयाबीनची खारट पेस्ट. कढईत मुगाचे लांब मोड आणि लसूण परतायचा, मिसो घालायचा आणि वरून गरम स्टॉक ओतायचा. अगदी आपल्या फोडणीसारखं! सूपवर तरंगणारा स्निग्ध थर झाकणाचं काम करतो, म्हणून कडाक्याच्या थंडीतही सूप लवकर निवत नाही.

घरी शाकाहारी रामेन करायचंय? दोघांसाठी ४ कप पाण्यात कोम्बू हे सुकं समुद्री शेवाळ आणि ४ सुके शिताके मशरूम रात्रभर भिजवा. १९०८ साली किकुनाए इकेदा यांना ‘उमामी’ चवीचं रहस्य कोम्बूतच सापडलं होतं. पाणी मंद आचेवर तापवा आणि उकळी फुटण्याआधी कोम्बू काढा, नाहीतर सूप कडवट होतं. मग वरच्यासारखंच ३ चमचे मिसो परतून हा स्टॉक ओता. मीठ चव घेऊनच घाला.

नूडल्स मात्र वेगळ्या उकडा, नाहीतर सूप पिठूळ होईल. वर मक्याचे दाणे, लोण्याचा छोटा तुकडा आणि लगेच खायला बसा. रामेन कुणासाठी थांबत नाही!