रायगडचीं टोकें

साठी उलटल्यामुळें घरच्या मंडळींनीं आम्हांस दोराच्या पाळण्यांत बसण्याचा फार आग्रह केला; तरी आम्ही रायगड पायींच चढलों. १९९६ पासून चालूं असलेला हा पाळणा वृद्धांची मोठीच सोय आहे. परंतु १६७४ सालीं जेथें राज्याभिषेक झाला, तो गड राजधानीसाठीं कां निवडला, याचें उत्तर पाळण्यांत मिळत नाहीं. १४०० हून अधिक पायऱ्या चढतांना तें गुडघेच सांगतात! महादरवाजा तर बुरुजांआड असा दडविला आहे कीं, जवळ जाईपर्यंत दिसतच नाहीं.

माथ्यावर आम्हांस टकमक टोक सर्वांत आवडलें. वाट निमुळती होत जाते आणि पुढें एकदम तुटलेला कडा. वारा असा कीं छत्री उलटावी. मुलांचा हात सोडूं नये. पूर्वेकडे लिंगाण्याचा सुळका, आणि आकाश निरभ्र असल्यास राजगड-तोरणाही दिसतात. हिरकणीच्या कथेंत इतिहास किती, हें आम्ही सांगत नाहीं. पण तिच्या बुरुजावरून खालीं पाहिल्यावर त्या कथेस हंसवत नाहीं.

मार्गशीर्ष-पौषांत पहांटेसच चढूं लागावें, म्हणजे ऊन तापण्यापूर्वीं जगदीश्वराचें दर्शन घेऊन समाधीपाशीं निवांत बसतां येतें.