कानांतील रातकिडा

'शांत बसा' असें मुलांस बजावण्यांत आमचीं ३५ वर्षें शाळेंत गेलीं. निवृत्तीनंतर नारायण पेठेंतील आमच्या घरांत तोच हुकूम आम्ही घरच्या मंडळींवर चालविला. त्यांत आमचीच चूक कशी झाली, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

गेल्या अनंतचतुर्दशीच्या रात्रीं लक्ष्मी रस्त्यावरून मिरवणूक गेली. ध्वनिक्षेपकांच्या दणक्यानें खिडक्यांचीं तावदानें थरथरत होतीं. सकाळीं रस्ता शांत झाला. आमच्या दोन्ही कानांत मात्र रातकिड्यासारखा बारीक, अखंड सूर राहिला. आयुर्वेदांत ह्यास कर्णनाद म्हणतात. माधवनिदानांत त्याच्या वर्णनांत भेरी, मृदंग व शंख ह्यांचे ध्वनि सांगितले आहेत. बीथोव्हेननें १८०१ सालीं डॉक्टर मित्रास लिहिलेल्या पत्रांत, कान रात्रंदिवस गुणगुणतात, अशी तक्रार केली होती. एवढ्या थोर संगतीनेंही आमचें समाधान झालें नाहीं.

आम्ही घर गप्प केलें. सौ.ची भूपाळी बंद, रेडिओ बंद, नातवाचे पाढे बंद. भिंतीवरचें घड्याळही उतरविलें. पण घर जसजसें मुकें होत गेलें, तसतसा रातकिडा मोठा होत गेला. शेवटीं सौ. म्हणाली, "अहो, आमची तोंडं बंद केलीत, त्याचं झालं का?" आमच्याजवळ उत्तर नव्हतें.

कानाच्या डॉक्टरांनीं मळ नाहीं ना, हें पाहिलें व श्रवणाची तपासणी केली. वयोमानानें वरच्या पट्टीचे स्वर आम्हांस मंद ऐकूं येत होते. आम्हांस त्याची वार्ताही नव्हती. अंतःकर्णांतील सूक्ष्म केशपेशी झिजल्या, कीं मेंदूकडे नाद कमी पोंचतो. ती उणीव भरून काढण्यासाठीं मेंदू जणूं अधिकच कान टवकारतो आणि नसलेला सूर ऐकूं येतो, असें आज मानतात. निःशब्द खोलींत तोच एकटा उरतो, अंधारांतल्या पणतीसारखा. म्हणून सौम्य आवाजाची सोबत हवी. ती कर्णनादास बुडविणारी नसावी, दोन्ही एकत्र ऐकूं यावेत, इतकीच असावी.

आतां रात्रीं पंखा मंद फिरतो. उशाशीं मोबाइलवर तंबोरा अगदीं हळू लावलेला असतो. नाद गेला नाहीं. झोंप मात्र परत आली. डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून कानांत लसणीचें तेल घालण्याचा मोह कोणी धरूं नये. नाद एकाच कानांत असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल, किंवा एकाएकीं ऐकूं येईनासें झालें असेल, तर घरगुती उपाय बाजूस ठेवून तत्काळ डॉक्टर गांठावा.

घड्याळ पुन्हां भिंतीवर गेलें. नातवास पाढे म्हणावयास बोलाविलें, तेव्हां तो दारांतच थबकला आणि कुजबुजला, "आजोबा, आता चालेल ना?" त्या कुजबुजण्यानें आम्ही खजील झालों. "मोठ्यानं म्हण, बाळ," आम्ही म्हणालों. एकोणिसाच्या पाढ्यांत तो अडखळला. त्याची चूक दुरुस्त करीपर्यंत रातकिड्याची आम्हांस आठवणही नव्हती.