शाळा सक्तीची करणाऱ्या शहरात शाळेला कंटाळलेली मुलगी

शाळेतून आलेल्या मुलीला ‘आज काय शिकवलं?’ असं विचारलं, की तुमच्या घरी काय उत्तर मिळतं? आमच्याकडे ‘काही नाही’ असं मिळतं. आणखी खोदून विचारलं, तर ‘नेहमीचंच’.

आमची लेक पाचवीत आहे. आम्ही इंदूरला राहतो. घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि शाळेत इंग्रजी. फी घसघशीत. डायरीत आठवड्यातून एकदा तरी शेरा असतोच : ‘लक्ष नसतं’, ‘खिडकीबाहेर बघते’, ‘विषय सोडून प्रश्न विचारते’. पालकसभेत आपल्या वाट्याला पाच मिनिटं येतात, त्यातली तीन मार्कांवर जातात. प्रोजेक्ट म्हणजे स्टेशनरीच्या दुकानातून छापील चित्रं आणायची, आईने कापायची, बाबांनी चिकटवायची आणि मुलीने खाली नाव लिहायचं. संध्याकाळी गृहपाठाला बसवताना घरात जे महाभारत घडतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

सगळ्यात जास्त काय टोचतं सांगू? हीच मुलगी चार वर्षांची असताना दिवसभर ‘हे असं का?’ विचारून डोकं खायची. ते प्रश्न गेले कुठे, हा विचार मला रात्री झोपू देत नाही.

डिसेंबरच्या सुट्टीत माझ्या मावशीने बडोद्याला बोलावलं. ती दांडिया बाजारात राहते. नकाशावर या शहराचं नाव वडोदरा असलं, तरी मराठी माणसाच्या तोंडी ते अजून बडोदंच आहे. इंदूरहून रतलाम-गोध्रा मार्गे रेल्वेने जाता येतं. मुंबईहूनही गाड्या भरपूर आहेत, साधारण पाच-सहा तास लागतात. तुमच्याही घरी शाळेला वैतागलेलं मूल असेल, तर या शहरात दोन-तीन दिवस काढा, असं मी मनापासून सांगेन. का, ते वाचा.

दंड पालकांना!

पहिल्याच रात्री मावशीने लेकीला सांगितलं, ‘‘तू शाळेचा कंटाळा करतेस म्हणे? मग तू चुकीच्या गावात आलीस बाई. शाळा सक्तीची करणारा राजा इथलाच.’’

ते खरंच आहे. सयाजीराव गायकवाडांनी १८९३मध्ये अमरेली भागात मोफत आणि सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६मध्ये ते संपूर्ण बडोदा संस्थानाला लागू केलं, तेही मुलींसकट. मूल शाळेत पाठवलं नाही, तर दंड पालकांना होई.

‘‘म्हणजे आईला दंड?’’ लेकीचे डोळे चमकले. दिवसभरातला तो तिचा पहिला प्रश्न होता.

मग मावशीआजीने पुढची गोष्ट सांगितली. हे सयाजीराव जन्माने राजपुत्र नव्हते. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावातला गोपाळ नावाचा हा मुलगा. १८७५मध्ये, बाराव्या वर्षी, महाराणी जमनाबाईंनी त्याला दत्तक घेतलं. तोवर त्याचं रीतसर शिक्षण झालेलं नव्हतं. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी असा चार भाषांचा अभ्यास त्यानंतर सुरू झाला आणि १८८१मध्ये राज्यकारभार त्याच्या हाती आला. ‘‘माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आणि तेव्हा सुरुवात?’’ असं म्हणून लेक बराच वेळ गप्प बसली. अभ्यासात मागे पडलेल्या मुलाला या माहितीने किती धीर येतो, ते पाहण्यासारखं असतं.

सत्तर फुटांचा हाडांचा सापळा

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सयाजीबागेत गेलो. जुने लोक तिला कमाटीबाग म्हणतात. विश्वामित्री नदीच्या काठची ही बाग १८७९मधली आहे. आत प्राणिसंग्रहालय आहे, तारांगण आहे आणि फुलांचं मोठं घड्याळ आहे, ज्याची यंत्रं जमिनीखाली आहेत. पण आमचा मुक्काम पडला तो १८९४मध्ये सुरू झालेल्या बडोदा संग्रहालयात.

तिथे निळ्या देवमाशाचा सापळा आहे. १९४४मध्ये हा मासा मही नदीच्या मुखाशी आला होता. लांबी सुमारे ७० फूट. शाळेत ‘मापन’ या धड्यावर लेकीला दहापैकी चार मार्क पडले होते. इथे कोणी सांगितलं नसताना तिने सापळ्याच्या कडेने पावलं मोजायला सुरुवात केली. मग स्वतःचं पाऊल किती फुटांचं, ते वितीने मोजलं. मग भागाकार केला, तोही चुकला, पुन्हा केला. आपल्या तीन खोल्यांच्या घरात हा मासा मावला नसता, असा निष्कर्ष निघाला. त्यानंतर प्रश्नांची सरबत्ती : मासा असून त्याला हाताची बोटं कशी? आत हाडं कोणी जोडली? एखादं हाड हरवलं तर काय करतात?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं. देवमासा हा मासा नाहीच, आपल्यासारखा सस्तन प्राणी आहे आणि त्याच्या पुढच्या परांत हाताच्या बोटांचीच हाडं असतात. बाकीच्या दोन प्रश्नांची उत्तरं मी दिली नाहीत. ‘‘लिहून ठेव, शोधू,’’ म्हटलं आणि पर्समधली छोटी वही तिच्या हातात दिली. त्याच संग्रहालयात इजिप्तची ममीही आहे. तिच्यासमोर वहीचं दुसरं पान भरलं.

रस्त्यावरची लिपी

बडोद्यात मुलांना गुंतवून ठेवायला तिकीटच लागतं असं नाही. दुकानांच्या पाट्या पुरतात. गुजराती लिपी म्हणजे डोक्यावरची रेघ काढून टाकलेली देवनागरीची बहीणच. न, म, ग, त, प ही अक्षरं मूल सहज ओळखतं. ज, ब, फ मात्र दगा देतात. र आणि गुजराती दोनचा आकडा तर जुळे भाऊ. रावपुऱ्यातून सुरसागर तलावाकडे चालत जाताना लेकीने पाट्या लावायचा सपाटा लावला. हिंदीचं पुस्तक वाचताना जांभया देणारी मुलगी दोन दिवसांत गुजराती पाट्या अडखळत का होईना वाचू लागली.

सेव-उसळीच्या गाडीवर तिने पाटीवरचा ‘उसळ’ शब्द वाचून दाखवला आणि विचारलं, ‘‘हा तर आपला शब्द! इथे कसा आला?’’ झणझणीत रश्श्यात शेव आणि पाव बुडवत मावशीआजीने तिला मराठे, गायकवाड आणि आमचे होळकर अशी सगळी गोष्ट सांगितली. इतिहासाच्या पुस्तकात ती दोन ओळींत संपते.

शाळेचं झालं संग्रहालय

लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात महाराजा फतेसिंह संग्रहालय आहे. राजा रविवर्म्याच्या चित्रांचा मोठा संग्रह इथे पाहायला मिळतो. आजीच्या देवघरातल्या लक्ष्मी-सरस्वतीचे चेहरे कुठून आले, ते मुलांना इथे कळतं. पण लेकीला त्याहून गंमत वाटली ती इमारतीची. ही मुळात राजघराण्यातल्या मुलांसाठी बांधलेली शाळा. राजवाड्यापासून शाळेपर्यंत मुलांसाठी छोटी रेल्वेसुद्धा होती. ‘‘तरीही त्यांना शाळेत जायचा कंटाळा यायचा का?’’ वहीत आणखी एक प्रश्न.

याच शहरात १८९०मध्ये कलाभवन सुरू झालं. चित्रकला, छायाचित्रण, छपाई, बांधकाम असं हाताने करून शिकवणारी ही संस्था. दादासाहेब फाळके तिथे शिकले आणि १९१३मध्ये त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. ग्रंथालयं उभारण्यासाठी सयाजीरावांनी १९१०मध्ये अमेरिकेहून बोर्डन नावाचे तज्ज्ञ बोलावले. गावोगावी पुस्तकांच्या पेट्या पाठवल्या जात. हे सगळं पाहताना माझ्या मनात एक गोष्ट पक्की होत गेली. ज्याने शाळा सक्तीची केली, त्यानेच बाग, संग्रहालय, ग्रंथालय आणि कलाभवनही उभं केलं. नुसत्या वर्गात बसवून मूल शिकत नाही, हे त्या काळातही उमगलेलं होतं. आज आपण मात्र शाळा सुटली की शिकवणी लावतो, म्हणजे शाळेवर पुन्हा शाळाच.

कमाटीबागेतला तो दिवस

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही पुन्हा कमाटीबागेत गेलो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९१३मध्ये अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकायला पाठवणारी शिष्यवृत्ती बडोदा संस्थानाचीच. तिथून उच्च शिक्षण घेऊन १९१७मध्ये ते संस्थानच्या नोकरीत आले, तेव्हा त्यांना या शहरात राहायला जागा मिळेना. ज्या पारशी धर्मशाळेत ते उतरले होते, तिथूनही जातीमुळे त्यांना बाहेर काढलं गेलं. मुंबईची गाडी सुटेपर्यंतचा वेळ त्यांनी या बागेत काढला. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे.

लेकीने विचारलं, ‘‘एवढं शिकले होते, तरी?’’

‘‘हो, तरी.’’

थोडा वेळ ती गवताच्या काड्या तोडत बसली. मग म्हणाली, ‘‘मग ज्यांनी बाहेर काढलं, त्यांना शाळेत काय शिकवलं होतं?’’

डायरीत ‘विषय सोडून प्रश्न विचारते’ असा शेरा ज्या मुलीसाठी येतो, तिचा हा प्रश्न. याचं उत्तर कोणत्याही गाइडमध्ये नाही.

परत आल्यावर

बडोद्याच्या एका फेरीने शाळा बदलली, असं मी सांगणार नाही. वर्ग तसाच आहे, वर्कशीट तशाच आहेत. गणिताचे मार्क दोनने वाढले, इंग्रजीचे एकने कमी झाले. पण एक बदल घरात झाला. ‘आज काय शिकवलं?’ हा प्रश्न आम्ही बंद केला. त्याऐवजी ‘आज वहीत काय लिहिलंस?’ असं विचारतो. कधी उत्तर मिळतं, कधी नाही. रविवारी मात्र वहीतला एक प्रश्न घेऊन तिघंही शोधायला बसतो. पुढच्या पालकसभेत ती वही मी बाईंपुढे ठेवली. पाच मिनिटांची बारा मिनिटं झाली. निघताना बाई म्हणाल्या, ‘‘देवमाशाच्या हाडांचं तिला वर्गात सांगू द्या की.’’

तुम्ही जाणार असाल, तर थोडं लक्षात ठेवा. हिवाळ्यात जा, उन्हाळ्यात दुपारी फिरवत नाही. संग्रहालयांच्या वेळा आणि सुट्ट्या आधी फोन करून विचारा. एका दिवसात एकच मोठी जागा पाहा. मुलाला पुढे चालू द्या, तुम्ही मागे राहा. फलक वाचून दाखवू नका, विचारलं तरच सांगा. आणि पर्समध्ये एक कोरी वही ठेवा.

बडोदा लांब पडत असेल, तरी हरकत नाही. तुमच्या गावातही एखादं जुनं संग्रहालय, एखादं वाचनालय, दुसऱ्या लिपीतल्या पाट्यांची एखादी गल्ली असेलच. या रविवारी तिथपर्यंत चालत जा.