पाचशे किलोची पार्टनर

वीकएण्डला काय करता? मॉल, मल्टिप्लेक्स, नाहीतर लोणावळ्याच्या ट्रॅफिकमध्ये तीन तास. या वेळी जरा वेगळ्या रस्त्याला लागू. चांदणी चौक मागे टाकायचा, भूगाव-पिरंगुटची गर्दी पार करायची आणि मुळशीच्या दिशेनं सरळ जायचं. जानेवारीत भातखाचरं कापून रिकामी झालेली असतात, धुकं उन्हालाही दाद देत नाही. अशाच एका वळणावर कुंपणाआडून टापांचा आवाज येतो. छोटासा रायडिंग क्लब. इथे दरवर्षी हौशी रायडर्सची दोन दिवसांची इव्हेंटिंग स्पर्धा भरते. यंदा सर्वात खालच्या गटात आम्ही अकरा जण होतो. आयटीतली मंडळी, एक डेंटिस्ट, दोन कॉलेजकन्या, काही शाळकरी पोरं आणि अस्मादिक.

ये इव्हेंटिंग क्या चीज है?

घोड्यांची ट्रायथलॉन म्हणा. आधी ड्रेसाज : २० बाय ४० मीटरच्या मैदानात चाल, दुडकी, कॅन्टर आणि अचूक गोल. परीक्षक प्रत्येक हालचालीला दहापैकी गुण देतात. मग क्रॉस कंट्री : मोकळ्या रानात ओंडके, चर, पाणी, चढ-उतार. शेवटी शो जम्पिंग : रंगीत दांड्यांवरून उड्या. तिन्ही ठिकाणी घोडा तोच, स्वार तोच. पेनल्टी सर्वात कमी तो जिंकला.

हा खेळ मुळात लष्कराचा. संचलनात शिस्त, रणात दमखम आणि दुसऱ्या दिवशीही ड्यूटीवर हजर राहण्याची ताकद, अशी घोड्याची परीक्षा. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकपासून तो ऑलिम्पिकमध्ये आहे. बायकांना तिथे उतरायला मिळालं ते १९६४ मध्ये, टोकियोत. आणि वैयक्तिक सुवर्ण पहिल्यांदा एका बाईनं जिंकलं, जर्मनीच्या युलिया क्रायेव्हस्कीनं, तेही टोकियोतच, २०२१ मध्ये! पुरुष आणि बायका एकाच यादीत खेळतात, वेगळा महिला गट वगैरे भानगड नाही.

आपलंही खातं रिकामं नाही बरं का. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये रघुबीर सिंग यांनी वैयक्तिक सुवर्ण मिळवलं. मग थेट २०१८ : जकार्तात बंगळुरूच्या फवाद मिर्झानं वैयक्तिक रौप्य आणलं, शिवाय टीमचंही रौप्य. टोकियो ऑलिम्पिकमध्ये तो अंतिम फेरी गाठून तेविसावा आला.

चिमणी

माझ्या पार्टनरचं नाव चिमणी. वजन पाचशे किलोच्या आसपास! ती एकेकाळी रेसकोर्सवर धावायची. रेसचे घोडे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच धावायला लागतात आणि ऐन तारुण्यात रिटायर होतात. नशीब चांगलं असेल तर एखाद्या रायडिंग स्कूलमध्ये त्यांना दुसरा जॉब मिळतो. चिमणीची ही सेकंड इनिंग.

शनिवारी सकाळी ड्रेसाजमध्ये ती शहाण्यासारखी वागली. अकरा जणांत आम्ही चौथ्या. दुपारी क्रॉस कंट्री. इथे एक भन्नाट नियम आहे. स्वारानं आदल्या दिवशी अख्खा कोर्स पायी फिरून बघायचा, पण घोड्याला तो दाखवायचा नाही. म्हणजे त्या ओंडक्यापलीकडे उतार आहे हे मला माहीत, तिला नाही. मी म्हणतेय म्हणून ती उडी मारणार. नकार दिला की २० पेनल्टी, ठरलेल्या वेळेपेक्षा उशीर झाला की दर सेकंदाला ०.४.

लाल झेंडा उजवीकडे, पांढरा डावीकडे, मधून उडी. आमच्या गटाचे ओंडके गुडघ्याच्या थोडेसेच वर, पण भरधाव घोड्यावरून तेही कंपाउंड वॉलएवढे दिसतात. उभा असताना घोड्याचं हृदय मिनिटाला तीस-चाळीस ठोके टाकतं, भरधाव पळताना दोनशेच्या वर. मांडीखाली ते जाणवतं. पाण्यापाशी चिमणी थबकली. फुरफुरली. कान पुढे, मागे, पुन्हा पुढे. मी लगाम सैल ठेवला, पाय मिटून धरले. आणि तिनं पाण्यात झेप घेतली. हा जो अर्धा सेकंद आहे ना, त्यासाठी लोक पहाटे पाचला उठून लीद उपसतात.

वेळेत, एकही नकार न होता आम्ही आलो. अजूनही चौथ्याच.

रात्र आणि सकाळ

संध्याकाळी सईसकाकांनी तिच्या पुढच्या डाव्या पायावरून तळहात फिरवला आणि तिथेच थांबले. ‘‘ताई, इथं हात लावा.’’ नळीच्या मागे, टेंडनपाशी, किंचित गरम. सूज नाही, लंगडणंही नाही. घोड्याच्या पायाची ही दोरी एकदा तुटली की महिनोन्‌महिने जातात, कधी कधी पुन्हा धावणं होतच नाही. काकांनी वीस-वीस मिनिटं गार पाण्याची धार धरली, मध्ये मध्ये तिला फिरवलं. मी बादल्या भरल्या.

रविवारी सकाळी डॉक्टरांची तपासणी. कडक जमिनीवर सरळ रेषेत घोडा दुडकीनं पळवायचा. डॉक्टरांनी चिमणीला पुन्हा एकदा पळवायला सांगितलं, टापांचा ताल ऐकला आणि म्हणाले, ‘‘पास.’’

म्हणजे आता प्रश्न माझा. पुढच्या तिघांत आणि माझ्यात मिळून एका दांडीचा, म्हणजे ४ पेनल्टींचाही फरक नव्हता. मेडल हाताच्या अंतरावर. नियम म्हणतो, खेळा. पाय हाताला अजून कोमट लागत होता.

‘‘काका, तुमचं काय मत?’’

‘‘डॉक्टरसाहेब हो म्हणाले. तिला विचाराल तर तीही हो म्हणेल. ती कधी नाही म्हणतच नाही.’’

हेच तर कोडं. जो घोडा नाही म्हणत नाही, त्याच्या वतीनं नाही कुणी म्हणायचं? मी ऑफिसात जाऊन यादीतून नाव काढलं. दहा मिनिटं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. मग कुंपणावर बसून डेंटिस्टबाईंना जिंकताना पाहिलं आणि शिट्ट्या मारल्या. पायाची गरमी दोन दिवसांत गेली. पुढचे दोन आठवडे चिमणीला फक्त हातात धरून फिरवणं.

ट्राय करायचंय?

जरूर करा. हेल्मेट आयएसआय मार्कवालं बाइकचं चालत नाही, रायडिंगचं वेगळं मिळतं. बुटांना छोटी टाच हवी, म्हणजे पाय रिकिबीतून आरपार जात नाही. क्रॉस कंट्रीला छाती-पाठीचं बॉडी प्रोटेक्टर सक्तीचं. पहिल्या महिन्यात उडीचं नाव काढू नका. आधी दुडकीवर बसायला शिका, मांड्या आपोआप बोलतील!

आणि क्लब निवडताना फीचा तक्ता नंतर बघा. आधी पागेत शिरा. पाणी ताजं आहे का, खुरांची निगा आहे का, खोगिराखाली पाठ सोलवटलेली तर नाही ना, हे डोळ्यांनी पाहा. मग विचारा : एक घोडा दिवसाला किती तास काम करतो, आणि पाय गरम लागला तर त्याला सुट्टी कोण देतं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर चटकन आलं, तर खुशाल नाव नोंदवा.